धरणातले पाणी आणि जमिनीतले पाणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुलै-ऑगस्टात धरणांच्या टक्क्यांविषयी, ऑक्टोबरात कोणाचे पाणी कोणाला जाणार याविषयी आणि फेब्रुवारीपासून विहिरी व बोअरविषयी, असा प्रश्नांचा हंगाम महाराष्ट्रात ठरलेला आहे. पुन्हापुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता यावे, अशी काळजी घेतली आहे. जेथे दुसऱ्या उत्तराशी संबंध येतो तेथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. बातमीत टीएमसी, दलघमी आणि क्युसेक असे तीन शब्द येतात. त्यांत फरक काय?

टीएमसी आणि दलघमी ही साठ्याची मापे आहेत, तर क्युसेक हे प्रवाहाचे माप आहे. हौदात पाणी किती आहे आणि नळ किती जोरात वाहतो आहे, हे जसे दोन वेगळे प्रश्न, तसेच हे. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, अर्थात २८.३२ दशलक्ष घनमीटर (दलघमी) किंवा सुमारे २,८३२ कोटी लिटर. हा आकडा डोळ्यांसमोर येत नसेल, तर २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला गेलेली पाण्याची रेल्वे आठवावी. तिची पन्नास वाघिणींची एक फेरी २५ लाख लिटरची होती. एक टीएमसी पाणी न्यायचे तर तशा अकरा हजारांहून अधिक फेऱ्या कराव्या लागतील.

एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, म्हणजे २८.३ लिटर. ११,५७४ क्युसेकचा विसर्ग अखंड २४ तास चालला की एक टीएमसी पाणी जाते. हे एक गणित लक्षात ठेवले, तर ‘४० हजार क्युसेकने विसर्ग’ या मथळ्याचा अर्थ दिवसाला साधारण साडेतीन टीएमसी, हे लगेच कळते.

२. उजनी ‘वजा ४० टक्के’ झाली असे सांगतात. पाणी शून्याच्या खाली कसे जाते?

टक्केवारी एकूण पाण्याची नसून उपयुक्त साठ्याची असते, म्हणून. कालव्याचे तोंड धरणाच्या तळाशी नसते, काही उंचीवर असते. त्याच्या खालचे पाणी कालव्यात आपोआप जात नाही, आणि त्यालाच मृतसाठा म्हणतात. उजनीचा उपयुक्त साठा ५३.५७ टीएमसी आहे, पण मृतसाठा त्याहून मोठा, ६३ टीएमसीच्या वर आहे. त्यामुळे उजनी ‘शून्य टक्के’ असते तेव्हाही तिच्यात पुण्याची चारही धरणे (प्रश्न ६) काठोकाठ भरून जेवढे पाणी होते त्याच्या दुपटीहून अधिक पाणी असते. वजा ४० टक्के म्हणजे उपयुक्त साठ्याच्या ४० टक्क्यांएवढे, सुमारे साडेएकवीस टीएमसी पाणी मृतसाठ्यातून गेले. २०१९ आणि २०२४ च्या उन्हाळ्यांत हा आकडा वजा ५० च्याही खाली गेला होता.

जायकवाडीचे चित्र निराळे आहे. तेथे एकूण १०२.७३ टीएमसीपैकी ७६.६५ टीएमसी उपयुक्त आणि सुमारे २६ टीएमसी मृत आहे. म्हणूनच दोन धरणांच्या टक्केवारीची थेट तुलना करणे बहुधा फसवे ठरते. टक्के सांगणाऱ्याला आधी ‘कशाचे टक्के’ हे विचारावे.

३. मग मृतसाठ्यातले पाणी वापरता येते की नाही?

येते, पण उपसून किंवा खालच्या पातळीवरच्या विमोचकातून, म्हणजे धरणातून पाणी सोडण्याच्या दारातून. जायकवाडीवरच्या शहरांच्या पाणीयोजना गरज पडल्यास तात्पुरते पंप लावून हे पाणी उचलतात, आणि उजनी वजा असतानाही सोलापूरसाठी भीमेच्या पात्रात पाणी सोडून औज बंधारा भरून घेतला जातो. वाटेत वाळू, ऊन आणि काठावरच्या मोटारी आपापला वाटा घेतात, त्यामुळे सुटते त्याचा काही भागच बंधाऱ्यात पोहोचतो. शिवाय तळाचे पाणी गढूळ असते, शेवाळ अधिक असते आणि शुद्धीकरणाचा खर्च वाढतो. हे पाणी अडीअडचणीचे असते. त्यावर उन्हाळी पिकाचे नियोजन करू नये.

४. राज्यातली धरणे ६० टक्के भरल्याचे वाचले. मग आमच्या गावात टँकर का सुरू आहे?

राज्याची सरासरी मोठ्या धरणांच्या आकड्यांनी ठरते, तर टँकर लहान स्रोत आटल्यामुळे लागतो. राज्यात मोठे, मध्यम आणि लघु मिळून सुमारे तीन हजार प्रकल्प आहेत. दहा हजार हेक्टरांहून अधिक सिंचन करणारा तो मोठा, दोन ते दहा हजार हेक्टरांचा मध्यम आणि त्याखालचा लघु. सह्याद्रीच्या कुशीतली काही मोठी धरणे भरली की एकूण आकडा वर चढतो. त्याच दिवशी मराठवाड्यातले डझनभर लघु तलाव जोत्याखाली असू शकतात. (‘जोत्याखाली’ म्हणजे विमोचकाच्या उंबऱ्याखाली, मृतसाठ्यालाच लघु प्रकल्पांच्या तक्त्यात हा शब्द येतो.) त्यातच बहुतेक खेड्यांची नळयोजना धरणावर नसतेच, ती ओढ्याकाठच्या एका विहिरीवर असते. तिचा हिशेब भूजलाचा आहे. त्यासाठी प्रश्न १३ आणि १४ पाहावेत.

आपल्यापुरते तीन आकडे पुरेत: आपल्या महसूल विभागाचा साठा, आपला पाणीपुरवठा ज्या स्रोतावर आहे त्याचा साठा, आणि गेल्या वर्षी याच तारखेला तो किती होता. तिसरा आकडा नसेल तर पहिल्या दोहोंना फारसा अर्थ राहत नाही, कारण ऑगस्टातले ६० टक्के आणि नोव्हेंबरातले ६० टक्के या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

५. धरण पूर्ण भरलेले नसताना दरवाजे का उघडतात? ते पाणी साठवता आले नसते का?

हा सर्वांत जास्त रागाने विचारला जाणारा प्रश्न आहे. प्रत्येक मोठ्या धरणासाठी कोणत्या तारखेला पाण्याची पातळी कुठवर असू द्यायची, याचे वेळापत्रक आधीच ठरवलेले असते. त्याला जलाशय परिचालन सूची म्हणतात. जुलैच्या अखेरीस धरण काठोकाठ भरून घेतले आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पाणलोटात दोन दिवस अतिवृष्टी झाली, तर जेवढा येवा (धरणात येणारे पाणी) तेवढाच विसर्ग करण्यावाचून गत्यंतर राहत नाही. दोन दिवस २० हजार क्युसेक सोडले तर नदीकाठची जनावरे हलवायला सवड मिळते. एका रात्रीत लाखभर क्युसेक सुटले तर ती मिळत नाही. २०१९ च्या कृष्णा खोऱ्यातील महापुरानंतर या वेळापत्रकांची चर्चा घरोघरी पोहोचली.

मातीच्या धरणाला तर आणखी एक भय असते. दगडी धरणावरून पाणी वाहिले तरी ते एक वेळ टिकेल, पण मातीच्या भरावावरून पाणी गेले की भराव धुऊन निघतो. १२ जुलै १९६१ रोजी बांधकाम अपुरे असलेले मातीचे पानशेत धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासलाही फुटले आणि पुणे शहराने त्याची किंमत मोजली. दरवाजे उघडणाऱ्या अभियंत्याच्या मनाच्या मागे ही तारीख असते.

तरीही प्रत्येक निर्णय बरोबरच असतो, असे नाही. सप्टेंबरात पाऊस ओढ देतो आणि सोडलेले पाणी परत मिळत नाही, असे अनेकदा झाले आहे. माझ्या मते या दोन चुकांपैकी लवकर सोडण्याची चूक कमी घातक आहे. दोषाचा हिशेब मात्र विसर्गाच्या दिवशी असलेल्या अंदाजावर करावा, महिन्यानंतर जे कळले त्यावर नव्हे.

६. खडकवासला साखळी शंभर टक्के भरली तरी पुण्यात पाणीकपातीची भाषा कशी होते?

खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चारही धरणांचा मिळून उपयुक्त साठा २९.१५ टीएमसी आहे. त्यांतले खडकवासला स्वतः दोन टीएमसीचेही नाही. वरच्या तीन धरणांतले पाणी टप्प्याटप्प्याने खडकवासल्यात येते आणि तेथून शहराला व कालव्याला जाते. म्हणून पावसाळ्यात ‘खडकवासला भरले’ ही बातमी सर्वांत आधी येते आणि तिचा अर्थ सर्वांत कमी असतो. हा साठा एकट्या शहराचा नाही. त्याच पाण्यावर हवेली, दौंड आणि इंदापूर तालुक्यांतले सिंचन आहे, आणि तो पुढच्या पावसाळ्यापर्यंत पुरवायचा असतो. शहराची मागणी वाढत गेली, पण धरणांची संख्या तेवढीच राहिली. शहरातून परत जाणारे सांडपाणी शुद्ध करून शेतीला देण्याचा विषय त्यामुळेच दर वर्षी निघतो.

७. मुंबईच्या तलावांचा साठा टीएमसीत का सांगत नाहीत?

महापालिका पाणी लिटरमध्ये वाटते, म्हणून ती दशलक्ष लिटरमध्ये मोजते. सातही तलाव भरले की साठा १४,४७,३६३ दशलक्ष लिटर होतो, म्हणजे सुमारे ५१ टीएमसी. त्यांतला जवळपास निम्मा वाटा एकट्या भातसाचा आहे. विहार आणि तुळशी भरून वाहिल्याची छायाचित्रे देखणी असली तरी त्यांचा वाटा अगदी थोडा आहे.

८. कोयनेत निम्मे पाणी शिल्लक असताना वीजनिर्मितीवर बंधन कशासाठी?

कोयनेची साठवण क्षमता १०५.२५ टीएमसी असली, तरी पश्चिमेकडे वळवून वीज करण्यासाठी कृष्णा पाणीतंटा लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी ठरवून दिलेले आहे. हे वर्ष १ जूनला सुरू होते. वीजनिर्मितीनंतर ते पाणी वाशिष्ठीतून समुद्राला मिळते, परत येत नाही. उरलेले पाणी पायथ्याशी सोडून कोयना-कृष्णेच्या काठाला आणि टेंभू, ताकारी, म्हैसाळ यांसारख्या उपसा योजनांना द्यावे लागते. त्यामुळे दुष्काळी वर्षात प्रश्न ‘धरणात पाणी आहे का’ हा नसून ‘कोणत्या खात्यातले पाणी शिल्लक आहे’ हा असतो.

९. १५ ऑक्टोबर या तारखेला एवढे महत्त्व का?

सिंचनाच्या हिशेबात खरीप १४ ऑक्टोबरला संपतो आणि १५ ऑक्टोबरपासून रब्बी सुरू होतो. त्या दिवशी धरणात जे पाणी आहे, तेच पुढचे आठ महिने पुरवायचे असते. या साठ्यातून बाष्पीभवन, पिण्याचे आरक्षण आणि उद्योगांचे करार वजा करून शेतीला किती आवर्तने (कालव्याला पाणी सोडण्याच्या पाळ्या) देता येतील, हे कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरते. बैठक लांबली की शेतकऱ्याला गहू करावा की हरभरा, हे कळत नाही. पेरणीची वेळ मात्र थांबत नाही. उन्हाळी हंगाम १ मार्चला सुरू होतो आणि त्याचे आवर्तन पुष्कळदा पिण्याच्या पाण्यापुरते उरते.

१०. नाशिक आणि अहिल्यानगरच्या धरणांतले पाणी जायकवाडीला कोणत्या नियमाने सोडतात?

महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २००५ च्या कायद्यात, टंचाईच्या वर्षी खोऱ्यातल्या सर्व धरणांनी तूट सारखी सोसावी, असे तत्त्व आहे. यालाच समन्यायी पाणीवाटप म्हणतात. मेंढेगिरी समितीने या तत्त्वाचे गोदावरी खोऱ्यासाठी तक्ते तयार केले आणि प्राधिकरणाने २०१४ मध्ये त्यावर आदेश दिला. त्यानुसार १५ ऑक्टोबरला, खरिपातला वापर धरून, जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल, तर गंगापूर, दारणा, मुळा, भंडारदरा, निळवंडे अशा वरच्या धरणसमूहांतून पाणी सोडावे लागते. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये समन्यायी वाटपाचे तत्त्व उचलून धरले. २०२३ मध्ये याच नियमाने सुमारे साडेआठ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश निघाला होता.

दोन्ही बाजूंच्या तक्रारींत तथ्य आहे. वरच्या शेतकऱ्याला आपल्या डोळ्यांदेखत पाणी जाताना दिसते; खालच्याला, वर एकामागून एक धरणे बांधली गेल्यामुळे आपले धरण भरत नाही, हे दिसते. पाणी किती पोहोचले यावरचा वाद मात्र पुष्कळसा टाळता येण्याजोगा आहे. कोरड्या पात्रातून उशिरा सोडलेले पाणी आधी पात्र भिजवते. तेच पाणी ऑक्टोबरात, पात्र ओले असताना सोडले तर तूट कमी येते.

११. आठवडाभर थेंबही सोडला नाही, तरी साठा कमी कसा झाला?

ते पाणी उन्हाने नेले. समजा, उन्हाळ्यात जायकवाडीचा पसारा आक्रसून २०० चौरस किलोमीटर झाला आहे आणि दिवसाला केवळ पाच मिलिमीटर पाणी उडते आहे. हिशेब केला तर ते रोजचे एक दलघमी, म्हणजे १०० कोटी लिटर होते. चार आठवड्यांत एक टीएमसी. एप्रिल-मेमध्ये वेग याहूनही जास्त असतो.

पातळी फुटांत वाचणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जलाशय खोलगट ताटलीसारखा असतो, सरळ भिंतींच्या हौदासारखा नव्हे. जायकवाडी १,५२२ फुटांना पूर्ण भरते तेव्हा तिचा पसारा सुमारे ३५० चौरस किलोमीटर असतो, म्हणून वरचा एक फूट पावणेचार टीएमसीच्या आसपास भरतो. खालचा एक फूट त्याच्या निम्माही नसतो. त्यामुळे ‘अजून पंधरा फूट पाणी आहे’ या वाक्यावरून काहीच ठरवता येत नाही.

१२. धरणांतला गाळ काढला तर साठा दुप्पट होईल का?

मोठ्या धरणाच्या बाबतीत नाही. गाळ हळूहळू साठतो, त्याचे मोजमाप नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था उपग्रहाच्या मदतीनेही करते, आणि क्षमता घटते हे खरेच आहे. पण टीएमसीत मोजण्याजोगा गाळ काढायचा तर लाखो डंपर लागतील. गावतलाव आणि पाझर तलावाचे तसे नाही. तेथे उन्हाळ्यातले तीन आठवडे आणि एक पोकलेन पुरते, आणि काळा गाळ हलक्या रानात पडला की शेतकरी स्वतः वाहतुकीचा खर्च सोसतो. राज्याची २०१७ ची गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजना याच व्यवहारावर उभी आहे. मुरूम लागला की मात्र थांबावे, नाहीतर तलाव गळू लागतो.

१३. धरण डोळ्यांसमोर आहे, तरी आमची विहीर कोरडी का?

राज्याचा सुमारे ८१ टक्के भूभाग बेसाल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा आहे. हा खडक स्पंजासारखा नसतो. त्यात पाणी राहते ते वरच्या मुरमात, मांजऱ्या खडकाच्या पोकळ्यांत आणि भेगांत. मध्ये सलग काळा कातळ आला की पाण्याची वाट बंद होते. धरणाचे पाणी आपल्या विहिरीपर्यंत येईल की नाही, हे अंतरापेक्षा या थरांवर आणि विहीर धरणाच्या वर आहे की खाली यावर ठरते. बुडीत क्षेत्राच्या वरच्या माळावरच्या विहिरीला धरणाचा उपयोग शून्य असू शकतो, आणि भरावाच्या खाली तीन किलोमीटरवरच्या विहिरीला मेमध्येही पाणी असते.

१४. पाऊस सरासरीइतका झाला, तरी विहीर फेब्रुवारीतच तळ गाठते. असे का?

येथे एक छोटा हिशेब करू. मुरमाड बेसाल्टात खडकाच्या घनफळाच्या साधारण दोन टक्के एवढेच पाणी उपसता येते. म्हणजे एक हेक्टर जमिनीखाली पाण्याची पातळी एक मीटरने खाली गेली, तर हाती आलेले पाणी फक्त २०० घनमीटर, दोन लाख लिटर. आता त्याच हेक्टरला दहा सेंटिमीटरची एक पाळी दिली, तर लागतात १,००० घनमीटर. एका पाळीला पाच मीटर पातळी गेली! प्रत्यक्षात आजूबाजूच्या कोरडवाहू रानातले भूजल सरकत येऊन ही तूट भरून काढते, म्हणून विहीर टिकते. आजूबाजूची सगळीच राने बागायती झाली की भरून काढायला कोणी उरत नाही. पाऊस तेवढाच, विहीर तीच, पण शेजार बदलला.

याच्या उलट, थोड्या पावसानेही बेसाल्टातली पातळी झटकन वर येते आणि सप्टेंबरात विहीर तोंडाशी आलेली पाहून शिवार पाणीदार झाल्याचा भास होतो. शिवाय सरासरी पाऊस कसा पडला हेही पाहावे. चार दिवसांत कोसळलेला पाऊस ओढ्याने निघून जातो. तोच महिनाभर झिरमिरत पडला तर मुरतो.

१५. बोअर किती खोल घ्यावी? पाणाड्याचे ऐकावे का?

खोलीचा एकच आकडा सर्वांना सांगणारा माणूस मशीनवाला असतो, कारण त्याचे पैसे फुटावर असतात. बेसाल्टात खाली जाल तशा भेगा सहसा कमी होत जातात. खोल बोअरला लागलेले पाणी पुष्कळदा जुने साठलेले असते आणि एक-दोन हंगामांत संपते. मशीन चालू असताना बाहेर पडणाऱ्या भुकटीकडे लक्ष ठेवावे. ती तांबूस किंवा ओलसर आहे तोवर थर बदलत आहेत. शंभर-दीडशे फूट एकसारखी राखाडी कोरडी धूळच येत असेल, तर पुढचा खर्च जुगार आहे. पाणाड्याच्या हातात नारळ उभा राहतो, पण त्याची फसलेली भाकिते कोणी मोजत नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयातल्या भूवैज्ञानिकाचा सल्ला घेणे आणि आजूबाजूच्या दहा बोअरची खोली, केसिंग (बोअरच्या वरच्या भागात घातलेला पाइप) आणि पाणी लागलेले फूट वहीत उतरवणे, हे दोन उपाय अधिक भरवशाचे आहेत. तापी-पूर्णेच्या गाळाच्या पट्ट्यात हे सगळे गणित बदलते. रावेर-यावलच्या केळीच्या भागात खोल नलिकांना पाणी लागते खरे, पण तेथेही पातळी वर्षानुवर्षे खाली गेली आहे.

१६. शेजाऱ्याने बांधालगत बोअर घेतली आणि माझी विहीर आटली. कायदा काय म्हणतो?

१८८२ च्या सुविधाधिकार कायद्यापासून जमिनीच्या मालकाला आपल्या जमिनीखालचे पाणी काढण्याचा हक्क मानला गेला आहे; त्यामुळे केवळ ‘माझी विहीर आधीची’ एवढ्यावर खाजगी विहिरीला संरक्षण मिळणे कठीण असते. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोताची गोष्ट वेगळी आहे. १९९३ च्या राज्य कायद्याने अशा स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर घेण्यास मनाई केली. त्यानंतरचा भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ हा जून २०१४ पासून लागू झाला. त्यात विहिरींची नोंदणी, विंधन यंत्रांची नोंदणी, अधिसूचित क्षेत्र आणि ६० मीटरांपेक्षा खोल विहिरींवरची बंधने आली, आणि जलसंपत्ती नियमन प्राधिकरणालाच राज्य भूजल प्राधिकरणाचे काम दिले गेले. कागदावरचा कायदा आणि रात्री अकराला शिवारात शिरणारे मशीन यांत अजून बरेच अंतर आहे. ग्रामसभेचा ठराव झालेल्या गावांत ते कमी दिसते.

१७. भूजल पातळी कोण मोजते? आम्हाला गावात मोजता येईल का?

१९७२ मध्ये स्थापन झालेली भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यभरातल्या निरीक्षण विहिरींची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशी वर्षातून चारदा मोजते आणि गेल्या पाच वर्षांच्या सरासरीशी तुलना करते. निरीक्षण विहीर आपल्या गावात असेलच असे नाही.

गावातले मोजमाप सोपे आहे. कठड्यावर रंगाने एक खूण करावी आणि नेहमी तेथूनच टेप सोडावा. टेपच्या टोकाला वजन बांधून शेवटच्या मीटरभर भागाला खडू लावावा. पाण्याला टेकलेला खडू काळपट होतो आणि रेघ स्पष्ट उमटते. आलेल्या मापातून कठड्याची उंची वजा करावी. मोटार रात्रभर बंद हवी, नाहीतर मोजली जाते ती उपशाने पडलेली पातळी. दर महिन्याला एकाच तारखेला, सकाळी, चार-पाच विहिरींवर हे केले की दोन वर्षांत गावाला आपले शिवार कळू लागते. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत एक मीटर पाणी म्हणजे सुमारे २८ हजार लिटर, हेही वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे.

१८. आमचे पाणलोट ‘अतिशोषित’ यादीत आले. म्हणजे काय होते?

वर्षाला उपलब्ध होणाऱ्या भूजलाच्या ७० टक्क्यांपर्यंत उपसा असेल तर क्षेत्र सुरक्षित, ७० ते ९० अंशतः शोषित, ९० ते १०० शोषित आणि १०० च्या वर अतिशोषित. अतिशोषित म्हणजे व्याजाबरोबर मुद्दलही खर्च होते आहे. अशा क्षेत्रात सरकारी सिंचन विहिरींच्या योजनांवर मर्यादा येतात. बाहेर पडण्याचा मार्ग उपसा घटवण्यातून जातो, आणि तो पिकांवरून ठरतो. हिवरे बाजारने दर वर्षी पावसावरून पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवली आणि शेतीसाठी बोअर व ऊस दोन्ही दूर ठेवले. त्यातली ऊस नाकारण्याची अट इतर गावांना सर्वांत जड जाते.

१९. शेततळ्यामुळे भूजल वाढते ना?

कोणत्या शेततळ्यामुळे, ते पाहावे लागेल. ओघळीचे पाणी अडवणारे, अस्तर नसलेले तळे पाणी मुरवते. प्लास्टिक अंथरून जानेवारीत विहिरीच्या पाण्याने भरलेले तळे उलट काम करते: जमिनीखाली सुरक्षित असलेले पाणी वर आणून उन्हात ठेवते. फळबाग जगवण्यासाठी एखाद्या शेतकऱ्याला ते तारते, हे मान्य. पण त्याला जलसंधारण म्हणता येणार नाही.

२०. वर बंधारे आणि चर झाले की खालच्या धरणाचा येवा घटतो, हे खरे का?

काही अंशी खरे आहे. अडलेला प्रत्येक थेंब पूर्वी कोठे तरी जात होताच. चांगल्या पावसाच्या वर्षी ही घट जाणवत नाही; तुटीच्या वर्षी वरचे सगळे नालाबंधारे आधी भरतात आणि धरणाला उरलेसुरले मिळते. दुसऱ्या बाजूने, मुरलेल्या पाण्याचा काही भाग हिवाळ्यात ओढ्यांना पाझरून परत मिळतो. म्हणून जलयुक्त शिवारसारख्या कामांनी ‘नवे’ पाणी किती निर्माण झाले असे न विचारता, ते कोणाच्या वाट्याला आणि कोणत्या महिन्यात आले, असे विचारणे योग्य.

२१. पाणी भरपूर आहे, पण खारट आहे. किंवा तपासणीत फ्लोराइड निघाले. काय करावे?

अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतला पूर्णेकाठचा खारपाणपट्टा हे पहिल्याचे उदाहरण. तेथे खोल जाऊन गोडे पाणी मिळत नाही, बाहेरून आणावे लागते किंवा पावसाचे साठवावे लागते. फ्लोराइडची तक्रार यवतमाळ-चंद्रपूरकडे अधिक आहे आणि ती बहुधा खोल बोअरशी निगडित असते. लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर ते दातांना आणि हाडांना अपायकारक ठरते. फ्लोराइड उकळून जात नाही. पाणी आटल्याने त्याचे प्रमाण उलट वाढते. जवळच्या उथळ विहिरीचे पाणी तपासून घ्यावे, पुष्कळदा तेच बरे निघते. नायट्रेटबाबत मात्र उथळ विहीर अधिक धोक्याची असते, कारण खत आणि सांडपाणी वरूनच येते.

२२. टँकर कधी मिळतो आणि माणशी किती पाणी?

टंचाई कृती आराखडा ऑक्टोबर ते जून अशा नऊ महिन्यांचा, तीन टप्प्यांत केला जातो. ग्रामपंचायतीच्या ठरावानंतर संयुक्त पाहणी होते. आधी विहीर अधिग्रहणासारखे उपाय आणि ते अपुरे पडल्यास टँकर, असा क्रम आहे. टँकरचा हिशेब माणशी रोज २० लिटरचा, तर जलजीवन मिशनच्या नळाचे उद्दिष्ट ५५ लिटरचे आहे. जनावरांची संख्या ठरावात लिहायला विसरू नये.

२३. कालव्याऐवजी बंद नळी टाकत आहेत. पाण्याची बचत होईल म्हणतात, पण आमच्या विहिरींचे काय?

हा प्रश्न अलीकडे लाभक्षेत्रातून वारंवार येतो आणि त्याचे उत्तर कोणाला आवडत नाही. मातीच्या कालव्यातून आणि पाटाच्या पाण्याने भिजलेल्या शेतांतून जे पाणी पाझरते, त्याला धरणाच्या तक्त्यात ‘वहनव्यय’ म्हणतात. तेच पाणी भूजलाच्या तक्त्यात ‘पुनर्भरण’ म्हणून जमा होते. कालव्याखालच्या पट्ट्यातल्या कित्येक विहिरी पावसावर नव्हे, या गळतीवर भरतात, आणि त्यांवरच ऊस उभा असतो. नळी आली की धरणाच्या खात्यात बचत दिसेल, टोकाच्या शेतकऱ्याला, ज्याच्या शेतात आजवर आवर्तन पोहोचलेच नाही, पाणी मिळू शकेल, आणि कालव्यालगतची विहीर एक-दोन वर्षांत खाली जाईल. गळतीच्या पाण्यावर कागदोपत्री हक्क नसल्यामुळे भरपाईचा प्रश्न सहसा ऐकून घेतला जात नाही. काम सुरू होण्याआधी आपल्या विहिरीची पातळी प्रश्न १७ मध्ये सांगितल्याप्रमाणे किमान एक वर्ष मोजून ठेवावी, पाणीवापर संस्थेत आपले लाभक्षेत्र नोंदवलेले आहे ना हे पाहावे, आणि नळीवरचे तोंड आपल्या गटाला कोठे मिळणार ते नकाशावर बघून मगच संमतीपत्रावर सही करावी.